विक्कीच्या नावावरचे गेम

मयुरीला राग कशाचा येत नव्हता ते विचारा, यादी लहान होईल. वीजकेंद्राच्या धुरांड्यातून उडून खिडकीच्या कठड्यावर बसणाऱ्या राखेचा तिला राग यायचा. "पोरगी आयटीआय झाली, आता काय?" असं विचारणाऱ्या शेजारणींचा यायचा. पण त्या वर्षी ऊर्जानगरच्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये तिला सगळ्यात जास्त राग येत होता तो दोन शब्दांचा. ते दोन शब्द म्हणजे "विक्कीचे गेम."

विक्की तिचा धाकटा भाऊ. आणि गेम विक्कीचे नव्हते. एकही नव्हता.

ते कसे जमले हे कॉलनीत राहिलेल्या माणसाला लगेच कळेल. दरवर्षी मे-जूनमध्ये साहेब लोकांच्या बदल्या निघतात. क्वार्टरपुढे ट्रक लागतो, आणि ट्रकमध्ये जे मावत नाही ते व्हरांड्यात येतं. कुलर, कुंड्या, पोरांची सायकल, देवाचा जादा पाट. बाकीच्या बाया कुलरवर नजर ठेवून फिरायच्या. मयुरी शाळेत होती तेव्हापासून सायकल घेऊन फिरायची आणि विचारायची, "काकू, हा व्हिडिओ गेम टाकून देऊन राह्यले का?" काकू टाकूनच देत असायच्या. पोरगा पुण्याला शिकायला गेलेला, डब्याची वायर तुटलेली, कॅसेटी धूळ खात पडलेल्या. "ने बाई," म्हणायच्या.

ती न्यायची. वायर जोडायला शिकली, सोल्डरिंगने बोटं भाजून घेतली, जुन्या मशीनच्या पोटातून दोन-दोन वर्षांची राख ब्रशने काढली. बाजारातल्या 'हजार गेम एकात' असल्या नकली कॅसेटी तिने कधी घेतल्या नाहीत. अस्सल कंपनीची कॅसेट, तिचं खोकं, आतलं पुस्तक, तिन्ही एका पिशवीत, पिशवीला चिकटपट्टी, आणि पिशव्या सगळ्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत. असं करत करत पेटी भरली.

विक्की काय करायचा? विक्की खेळायचा. कॅसेट अडकली की फुंकायचा, फुंकून चालली नाही की आपटायचा, आणि आपटून मोडली की "ताई, पाह्य ना वं," म्हणत तिच्या मांडीवर आणून टाकायचा. दिवसभर टीव्हीपुढे तोच दिसायचा, म्हणून गेम त्याचे. ज्याच्या हातात रिमोट त्याचा टीव्ही, हा आपल्या घराघरातला कायदाच आहे.

पेटीत सगळ्यात तळाशी एक खोकं होतं. त्यावर तलवार धरलेला लाल कोल्हा आणि सगळी अक्षरं जपानी. टर्बाइन विभागाच्या एका साहेबांनी ट्रेनिंगला गेले असताना जपानहून ते आपल्या मुलासाठी आणलं होतं. मुलगा तोवर होस्टेलला गेला होता, त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. साहेबीण माहेरी गेली की मयुरी तिच्या बागेला पाणी घालायची. बदली झाली तेव्हा बाईंनी ते खोकं पोरीच्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "तुझंच समज." कंपनीचं प्लास्टिक तसंच घट्ट बसलेलं. सील उघडलेलं नव्हतं.

उघडून खेळावंसं तिला हजारदा वाटलं. पण तो गेम चालवायचं मशीन मिळायला काही वर्षं गेली, आणि मिळालं तोवर तिने नेटवर वाचलं होतं की असल्या खोक्याची सगळी किंमत त्या न फाडलेल्या प्लास्टिकात असते. मग तिने मन मारलं. मन मारायची सवय पोरींना लवकरच लागते, तिलाही लागली होती.

त्या वर्षी वडील, लटारूभाऊ, कोळसा विभागातून डिसेंबरात रिटायर होणार होते. क्वार्टर सोडावं लागणार, सिंदेवाहीजवळच्या गावात जाऊन राहायचं, असं ठरलं होतं. मयुरीला गावी जायचं नव्हतं. शेजारच्या दुर्गापूरला बाजाराच्या रस्त्यावर एक गाळा रिकामा झाला होता. तिथे मोबाईल आणि गेमची मशीनं दुरुस्त करायचं दुकान टाकायचं, असं तिने मनात पक्कं केलं होतं. गाळ्याला डिपॉझिट हवं होतं. ते पेटीत होतं, फक्त नोटांच्या रूपात नव्हतं.

वडिलांना तिने सांगितलं. ते म्हणाले, "पोट्टीनं टपरीत बसून दुसऱ्याचे मोबाईल खोलाचे का? लग्न झाल्यावर नवऱ्याले इचार." झालं बोलणं.

मग तिने गेम ऑनलाइन विकायला काढले. आणि इथेच तिने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

पहिल्यांदा तिने आपल्याच नावाने जाहिरात टाकली. सकाळच्या उन्हात, पांढऱ्या चादरीवर ठेवून, चारी बाजूंनी फोटो काढले. कुठे कोपरा दुमडला, कुठे जुन्या मालकाने पेनने नाव लिहिलं, सगळं खरं लिहिलं. उत्तरं आली. "मॅडम, हे तुमच्या भावाचे का?" "नंबर द्या, बोलू." "भेटून पाहू, एकट्या या." एकाने तर, "लेडीज लोकांना काय समजते यातलं, पाचशेत देऊन टाका," असं लिहिलं. मयुरीने फोन पलंगावर असा आपटला की आई रुखमाबाई स्वयंपाकघरातून धावत आली.

दुसऱ्या दिवशी तिने नवं खातं काढलं. नाव विक्कीचं. फोटो विक्कीचा, टोपी आणि गॉगल घातलेला, दुसऱ्याच्या बाईकवर बसलेला. गेमचे फोटो तेच, मजकूर तोच. आणि तोच पाचशेवाला माणूस, तोच हो, लिहितो काय, "भाई, लास्ट किती?" आणि तिने सांगितलेला भाव देऊन गेला. हसावं की त्याच्या घरी जाऊन त्याचं टाळकं फोडावं, हे तिला कळेना.

पण काम होऊ लागलं. पैसे विक्कीच्या बँक खात्यात यायचे, कारण खातं ज्याच्या नावाचं बँक त्याच्याच नावाची हवी, असा त्या साइटचा नियम होता. बाकी सारं मयुरी करायची. लोक म्हणायचे, "सगळे मिळून एकदम द्या, एकच भाव लावा." ती देत नसे. एकदम दिलं की चांगल्या मालाच्या भावात भंगार जात नाही, भंगाराच्या भावात चांगला माल जातो, हे ती व्हरांड्यातले ढीग पाहून लहानपणीच शिकली होती. ती एकेक विकायची. कधी थांबायची, कधी एखाद्याला दुसऱ्याचा भाव दाखवून चढवायची. पॅकिंगला जुनी वर्तमानपत्रं, वर थर्माकोल, आणि पार्सल सायकलवर टाकून चंद्रपूरच्या कुरिअरवाल्याकडे.

सुरुवातीला विक्कीने पैसे काढून दिले. मग एकदा बूट आले. मग कानात घालायचे ते बिनवायरचे. विचारलं की म्हणायचा, "ठेवून राह्यलो ना ताई, कुठी पळून चाललो का मी?" आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण ज्याने काढली त्याला बहुतेक बहीण असावी, आणि भाऊही.

आणि लटारूभाऊ? ते शिफ्टवरून येताना कंपनीच्या बसमध्येच सांगायला लागायचे. "आपल्या विक्कीनं ऑनलाइनचा धंदा काढला. जपानचा माल हाय म्हणते. पोट्टं हुशार निघालं." घरी येऊन पेटीवर हात ठेवायचे. एकदा म्हणाले, "ह्या कोल्ह्याच्या डब्याचं गिऱ्हाईक आलं का विक्कीची गाडीच बुक करून टाकतो."

"बाबा, ते गेम माहे हायेत," मयुरी म्हणाली. ही काही पहिली वेळ नव्हती.

"हो वं. एकच त घर हाय आपलं," लटारूभाऊ म्हणाले आणि बातम्या लावल्या.

कोल्ह्याला गिऱ्हाईक आलं ते नागपूरचं. सुनिल नावाचा माणूस होता, स्वतःचं कॉम्प्युटरचं दुकान असलेला, जुने गेम गोळा करण्याचं वेड असलेला. मयुरी विक्की बनून त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली. प्लास्टिकची शिवण कुठून जाते ते त्याला हवं होतं, तिने फोटो पाठवला. कंपनीच्या प्लास्टिकला हवा निघायला सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात, नकली सीलला बहुतेक नसतात. तिने भिंग लावून छिद्रांचाही फोटो पाठवला. भाव ठरला. एवढ्यात गाळ्याचं डिपॉझिट निघत होतं आणि वर सामान घ्यायलाही काही उरत होतं. दसऱ्यानंतर येऊन खोकं डोळ्यांनी पाहीन, हातात घेईन आणि तिथेच पैसे देईन, असं सुनिल म्हणाला. "पैसे माझ्या ताईच्या नंबरावर पाठवा," असं ती लिहिणार होती. मग लिहिलं नाही. येईल तेव्हा समोर सांगू, असा विचार केला.

दसऱ्याला सकाळी ती गाळ्याच्या मालकिणीकडे गेली. साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त, आज शब्द द्यायचा. खुशबूबाईंनी तिला आपट्याचं पान दिलं, चहा पाजला आणि म्हणाल्या, "दोन दिवसांत डिपॉझिट आण, नाईतर तो चप्पलवाला मागं लागला हाय." मयुरी सायकल दामटत घरी आली. बऱ्याच दिवसांनी तिला कशाचाच राग येत नव्हता.

दारात झेंडूचं तोरण होतं. आत हॉलमध्ये पाटावर पूजा मांडलेली.

वीजकेंद्रात दसऱ्याला मोठमोठ्या मशिनींना कुंकू लागतं, पॅनेलला हार पडतात, कन्व्हेयरपुढे नारळ फुटतो. लटारूभाऊंचा नोकरीतला हा शेवटचा दसरा. केंद्रातली पूजा ते डोळे भरून पाहून आले होते आणि घरात त्यांनी तसंच सारं मांडलं होतं. त्यांचं हेल्मेट, नट आवळायचे पाने आणि बॅटरी. रुखमाबाईचं शिवणयंत्र आणि विळा. आणि तिसरी रांग विक्कीची. गेमची मशीनं, कॅसेटी. त्याच रांगेत मयुरीची सोल्डरिंग गन, तिचे स्क्रू ड्रायव्हर, तिचं भिंग. विक्की पुढे बसून एकेकाला फूल वाहत होता, कारण ज्याचं हत्यार त्याने फूल वाहायचं. मयुरीचं असं पाटावर काहीच नव्हतं.

आणि सगळ्यांच्या मधोमध, चांगलं उंच पाटावर, लाल कोल्हा. प्लास्टिकवरून कुंकू घसरतं म्हणून लटारूभाऊंनी ते तेलात कालवलं होतं आणि अंगठ्याने दाबून चांगला जाड स्वस्तिक काढला होता. वर हळदीची बोटं. वर अक्षता.

मयुरीच्या तोंडून किंकाळीच निघाली. "बाबा! हे काय केलं?"

"लक्ष्मी आणून राह्यली ना ते पेटी. तिले कुंकू नाई लावाचं?"

"तेल हाय त्यात! छिद्रं हायेत त्या प्लास्टिकले! आतमंदी जाईन!" ती खोक्याकडे झेपावली.

"हात लावू नको!" लटारूभाऊ उभेच राहिले. "पूजेतली वस्तू उद्यापर्यंत उचलत नाई कोनी. माहा शेवटचा दसरा हाय मयुरी. आज जर तू हे उचललं त माह्या तोंडावर थुंकल्यासारखं होईन."

रुखमाबाईने तिचा हात धरला. "राहू दे ना वं. प्लास्टिक त हाय वरून. उद्या पुसून टाकशीन."

विक्की फूल हातात घेऊन तसाच बसला होता. छिद्रांची गोष्ट त्याला माहीत होती. तिनेच दाखवली होती. त्याने ते फूल कोल्ह्यापुढे ठेवलं.

आणि मयुरीने हात मागे घेतला. बाप रडेल म्हणून घेतला. पुढे तिला बापाइतकाच स्वतःचाही राग आला तो याच गोष्टीचा. समोर डोळ्यांदेखत तेल झिरपत होतं आणि ती सोनं वाटायला आलेल्या शेजाऱ्यांना पाणी देत होती.

सकाळी तिने मऊ फडक्याने स्वस्तिक पुसला. वरचं गेलं. आतलं जाणार कसं? कोल्ह्याच्या तलवारीपाशी, पुठ्ठ्यावर, तेलकट लाल डाग पसरला होता. ती खोकं मांडीवर घेऊन बसली. बोलून काय करणार? ज्यांना बोलायचं ते सगळे खूश होते.

सुनिल त्याच दिवशी दुपारी कार घेऊन आला. चाळिशीचा, चष्मेवाला, सरळ माणूस. लटारूभाऊंनी त्याला खुर्ची दिली, विक्कीला शेजारी बसवलं आणि मयुरीला चहा ठेवायला सांगितला. तिने चहा ठेवला. पण कान हॉलमध्ये होते.

सुनिलने खोकं उजेडात धरलं. "हा डाग फोटोत नव्हता."

"पूजा केली होती जी दसऱ्याची," लटारूभाऊ हसत म्हणाले. "शुभच हाय ते."

"शुभ आहे काका, पण आत गेलाय. सील शाबूत आहे म्हणून मी घेतो. पण बोललो त्याच्या निम्मे देईन. रागावू नका, दुसरा कोणी एवढेही देणार नाही."

"निम्मे त निम्मे. देऊन टाका." लटारूभाऊंनी क्षणभरही विचार केला नाही. "गाडीचं बाकीचं पाहू आपण, काऊन बे विक्की?"

"विक्कीभाऊ, तुम्हाला चालतंय ना? एवढं जपून ठेवलं तुम्ही. छिद्रांचे फोटो पाहून मी माझ्या बायकोला म्हटलं, हा पोरगा पक्का जाणकार आहे."

"हो," विक्की म्हणाला. "मीच काढले होते ते."

चहाची गाळणी मयुरीने ओट्यावर टाकली. चहा तसाच सोडला. बाहेर आली.

"हे विकाचं नाई."

"तू आत जाय," लटारूभाऊ म्हणाले.

"नाई जात. विक्की, माह्याकडं पाह्य. हे गेम कोनाचे हायेत?"

विक्कीने फोनकडे पाहिलं. फोनमध्ये काही नव्हतं. "घरचेच हाय ना ताई. तुहं का अन् माहं का. पाव्हण्यापुढं काऊन करून राह्यली?"

"साधं इचारलं. कोनाचे?"

"आता घरचे म्हटलं ना."

मयुरी आईकडे वळली. रुखमाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सायकलवरून डबे उतरवून घेणारी तीच होती, भाजलेल्या बोटांना तूप लावणारी तीच. "आई, तू त सांग."

"जाऊ दे ना मयुरी," रुखमाबाई म्हणाली. "घरातली गोष्ट घरात पाहू."

सुनिल बिचारा खोकं हातात घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. मयुरीने त्याच्या हातातून ते काढून घेतलं. हिसकावलं नाही, नीट घेतलं. डाग पडला तेव्हाच अर्धा गाळा गेला होता. उरलेला अर्धा आता विक्कीच्या बुडाखाली गाडी होऊन फिरणार होता, आणि ती गाडी धुवायलाही बहुतेक तिलाच सांगणार होते. तिने अंगठ्याचं नख शिवणीखाली घातलं आणि प्लास्टिक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टरकावलं.

"अरे!" सुनिल खुर्चीतून उठला.

मयुरी थांबली नाही. प्लास्टिकचा बोळा करून तिने फरशीवर टाकला, झाकण उघडलं, पुस्तक बाजूला काढलं आणि कॅसेट हातात घेतली.

लटारूभाऊंचा चेहरा लालबुंद झाला. "पागल झाली का तू? हे काय केलं! आपल्याच हातानं तुह्या वस्तूचं वाटोळं केलं ना!"

"कोनाच्या वस्तूचं, बाबा?"

"तुह्या! तुह्याच ना, आनखी कोनाच्या! त्या टर्बाइनच्या साहेबिणीनं तुलेच त देल्ता तो डबा. तिच्या झाडाईले पाणी टाकत होती तू उन्हाळाभर, म्हणून देल्ता. एवढे वर्षं सांभाळला अन् आता फाडून टाकला!"

लटारूभाऊंना आपण काय बोललो ते लगेच कळलं नसावं. बाकी सगळ्यांना कळलं.

मयुरीला आजवर वाटत होतं की बापाला माहीत नाही. शिफ्टा करणारा माणूस, घरात कमी असणारा, पोराला टीव्हीपुढे बघून त्याचा गैरसमज झाला असेल, असं ती स्वतःला समजावत आली होती. म्हणून पुन्हा पुन्हा सांगत आली होती. आणि यांना साहेबीण आठवत होती, उन्हाळा आठवत होता, झाडांचं पाणीसुद्धा आठवत होतं. सारं माहीत होतं. माहीत असून बसमध्ये 'विक्कीचे, विक्कीचे' करत होते. भाव होता तोवर वस्तू विक्कीची होती. भाव गेला त्या क्षणी मयुरीची झाली. तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं याचा आणखी राग आला.

"तुमाले मालूम होतं," ती म्हणाली.

लटारूभाऊ खाली बसले. "अवं, तसं नाई..."

"कसं नाई? आत्ता बोलले ना तुमी. ह्या भाऊईनं बी आयकलं." तिने सुनिलकडे बोट केलं. "हा डबा माहा होता. मंग बाकीचे कुठून आले तेही मालूम असन तुमाले. सांगा. का मी सांगू, कोन्त्या क्वार्टरातून कोन्ता आनला ते?"

मयुरीने पेटी पायाने ओढत हॉलच्या मधोमध आणली आणि झाकण उघडलं.

"सुनिलभाऊ, बसा. छिद्रांचे फोटो मी काढले होते. मेसेज बी मीच लिहत होती. हा टोपीवाला फकस्त फोटोत हाय. तुमी एवढ्या दुरून आले, हात हालवत जाऊ नका. पाहा काय पाह्यजे ते. पण एकेकच देईन. एकदम ढीग देत नाई, अन् भाव पाडून बी देत नाई."

सुनिल सावकाश खाली मांडी घालून बसला. त्याने चष्मा पुसला. मग पिशव्या पाहू लागला, आणि पाहता पाहता त्याचे प्रश्न सुरू झाले. मयुरी उत्तरं देत होती. एका खोक्यावर दोघांची घासाघीस झाली आणि ती एक पैसाही खाली आली नाही. आवाज चढलेलाच होता, तो तिने उतरवला नाही.

त्याने पाच-सहा पिशव्या बाजूला काढल्या. विक्कीने सवयीने आपला फोन पुढे केला.

"तो ठेव," मयुरी म्हणाली आणि आपला नंबर सांगितला.

सुनिलने तो टाकला, पडद्यावर आलेलं नाव मोठ्याने वाचलं. "मयुरी लटारू मेश्राम. बरोबर?"

"बरोबर."

गाळ्याला एवढे पुरणार नव्हते, हे तिला कळत होतं. खुशबूबाईंच्या हातापाया पडून मुदत मागावी लागणार होती, नाहीतर गाळा चप्पलवाल्याला जाणार होता आणि तिला दुसरा शोधावा लागणार होता. उरलेली पेटी एकेक करून विकायला अजून काही महिने जाणार होते, आणि "मॅडम, नंबर द्या" लिहिणाऱ्यांना उत्तरं देत बसावं लागणार होतं. देईन, तिने ठरवलं. चांगली खरमरीत देईन, पण माझ्या नावाने देईन.

सुनिलची गाडी वळणाआड गेली. लटारूभाऊ खिडकीपाशी जाऊन उभे राहिले होते, उगाच कठड्यावरची राख बोटाने पुसत. रुखमाबाईने नवा चहा केला आणि पहिला कप मयुरीपुढे आणून ठेवला. मयुरीने तो घेतला नाही.

विक्कीने कॅसेटकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं.

"ताई, आता त सील बी गेलं. लावून पाहू का मी? फर्स्ट लेवल काढून देतो तुले."

"हात त लावून पाह्य," मयुरी म्हणाली, आणि ज्या आवाजात म्हणाली त्याने खिडकीपाशी उभा असलेला बापसुद्धा दोन पावलं मागे सरला.